अकरा रिकामे डबे



उन्हाळा लागला की मी पापड, सांडगे, वर्षाची हळद-तिखट असं काहीतरी लिहिते. यंदा तेलाबद्दल लिहायचं आहे, पण शेंगतेल नव्हे, गाडीच्या इंजिनात घालतात ते ऑइल. हसू नका. या ऑइलानं मागच्या दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातला एक माणूस जवळजवळ कायमचा तोडला होता, आणि तोडणारी मीच होते.

आमची डिझेल व्हॅन तुमच्यातल्या बऱ्याचजणींनी पाहिली आहे, काहीजणी तिच्यात बसूनही आल्या आहात. २००५ ची गाडी. २००६ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला गेलो तेव्हा तिच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. २०१८ च्या मस्तकाभिषेकालाही तीच होती. २०२० मध्ये पंधरा वर्षं भरली, पुन्हा नोंदणी करून पाच वर्षं मिळवली. दुकानाचा माल, पाहुण्यांची ने-आण, लग्नाचे रुखवत आणि मुख्य म्हणजे चौका, सगळं तिनं केलं. संघाचा विहार सुरू झाला की भांडी, गाळण्याची फडकी, दळणाचे डबे, शेगडी असा संसार तिच्यात भरायचा आणि निघायचं. चालवायला वीस वर्षांपासून एकच माणूस. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. माझ्या सुनेच्या दोन्ही बाळंतपणांना रात्री दवाखान्यात तिला मामांनीच पोचवलं.

आता माझ्याबद्दल. मी बी.कॉम. झाले ती लग्नाआधी. नोकरी केली नाही, पण घरचा आणि गाडीचा हिशेब तेव्हापासून माझ्याकडे. एकतीस मार्चला मी घराची वहीसुद्धा बंद करते. हे चेष्टा करतात, ‘हिचं ऑडिट सुरू झालं’ म्हणतात. तर २०२३ च्या मार्चअखेर गाडीचं पान काढलं आणि ‘ऑइल’ या सदराची बेरीज केली. आदल्या वर्षी ऑइल बदलीखेरीज वरून घातलेलं दोन लिटर. या वर्षी नुसत्या शेवटच्या पाच महिन्यांत एकेक लिटरचे अकरा डबे. बिलं सगळी होती, मामांनीच आणून दिलेली, सुमारे चार हजार रुपयांची.

गाडी तीच, ड्रायव्हर तोच, मग ऑइल पाचपट कसं? मला एकच उत्तर सुचलं. बिल आणायचं आणि डबा दुसऱ्याला विकायचा, असं होतं म्हणे सगळीकडे. आमच्या एका नात्यातल्या बाईंनी त्यांच्या ड्रायव्हरची अशीच गोष्ट सांगितली होती, ती डोक्यात होतीच. मी कुणाला काही न विचारता मामांच्या मार्चच्या पगारातून दीड हजार कापले आणि पाकीट हातात देताना म्हटलं, “ऑइलाच्या डब्यांचा जरा हिशेब लागत नाहीये.”

मामांनी पाकीट मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवदर्शन करून आले तर पोर्चच्या कट्ट्यावर अकरा रिकामे डबे ओळीनं मांडलेले. मागच्या साली मीच म्हणाले होते ना, रिकामे डबे टाकू नका, भंगारवाल्याला देऊ. त्यांनी एकेक जपून ठेवला होता.

“वहिनी, तेल गाडी खातीया. मी न्हाई.”

एवढं बोलले. किल्ली कट्ट्यावर ठेवली. “दुसरा बघा कुणीतरी.” आणि चपला घालून गेले.

यांनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं. मुलगा म्हणाला, “आई, रिकामा डबा म्हणजे काही पुरावा नव्हे, ऑइल काढून विकलं तरी डबा रिकामाच राहतो.” त्याला वाटलं तो माझी बाजू घेतोय. मला ते आणखीच लागलं, कारण तो बोलला ते हिशेबाच्या दृष्टीनं बरोबर होतं आणि तरी मला पटेना. सामायिकाला बसले की डोळ्यांपुढे ते डबेच यायचे. मग ठरवलं, अंदाज पुरे. मोजू या.

कॉमर्सला पहिल्याच वर्षी शिकवतात: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा म्हणजे वापर. मी फक्त खरेदी मोजली होती. साठा कधी पाहिलाच नव्हता! इंजिनातला साठा दाखवते ती ऑइलची पट्टी. मुलानं बॉनेट उघडून मला पट्टी कुठे असते ते दाखवलं. वीस वर्षं गाडीत बसले आणि ती पिवळी कडी मी पहिल्यांदा हातात धरली.

पट्टी बघायची पद्धत आहे, ती आधी सांगते. गाडी सपाट जागी हवी. आमची गाडी फाटकाबाहेर उतारावर लागते, तिथे एक आकडा आणि पोर्चमध्ये दुसराच. इंजिन चालू असताना किंवा नुकतं बंद केल्यावर ऑइल वर सगळीकडे चिकटलेलं असतं, ते खाली चेंबरमध्ये उतरायला वेळ लागतो. म्हणून सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, रोज त्याच फरशीवर. पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, पूर्ण आत घालायची, मग काढून वाचायची. खाली एक खूण, वर एक खूण. त्या दोन खुणांमध्ये किती मावतं ते मी दुधाच्या मापानं घालून पाहिलं, आमच्या गाडीत दीड लिटर. (ते माप आता गाडीचंच झालं, स्वयंपाकघरात परत आलं नाही.)

बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरलं, किलोमीटरचा आकडा लिहिला आणि मुलाला म्हटलं, आता पाचशे किलोमीटर होईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. दुकानाच्या फेऱ्या, कोल्हापूर, सांगली, एकदा निपाणी. पाचशेला पट्टी पाहिली. पुन्हा खुणेपर्यंत यायला नऊशे मिली लागलं. म्हणजे हजाराला १.८ लिटर. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. आमची त्याच्या दुप्पट पीत होती. आणि गाडीला हात फक्त माझ्या मुलाचा लागला होता.

मग मामांचे डबे. अकरा लिटर, पाच महिन्यांत पाच हजार किलोमीटर. हजाराला २.२.

१.८ आणि २.२. मी वहीपुढे बसून राहिले. मामा बऱ्यापैकी खरे ठरले होते, पण हजारामागे चारशे मिली शिल्लक होतं. पाच हजाराला दोन लिटर. चोरीला एवढीच जागा उरली होती, आणि माझ्या मनानं ती सोडली नाही, हे कबूल करते.

गाडी घेऊन आधी जवळच्या एका गॅरेजला गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, दोनदा ॲक्सिलरेटर दाबला, धूर पाहिला आणि म्हणाले, हाफ इंजिन करावं लागेल, साठ-सत्तर हजार. मोजलं काहीच नाही. मी पगार कापताना जे केलं तेच! म्हणून मग इचलकरंजीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो, यांच्या ओळखीचे. त्यांनी गाडीआधी माझी वही मागितली. मला तिथेच माणूस आवडला.

त्यांचं म्हणणं, ऑइल जायला दोनच वाटा, बाहेर गळतं नाहीतर आत जळतं. कुठली वाट ते ठरवल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. पट्टीवरचा थेंब त्यांनी बोटांत चोळला, वास घेतला. कधीकधी पंपातून डिझेल चेंबरमध्ये झिरपतं, मग पातळी कमी होतच नाही, माणूस खूश राहतो आणि पातळ झालेलं ऑइल इंजिन घासून टाकतं. तसं नव्हतं. रेडिएटरचं झाकण काढून पाहिलं, पाण्यावर तवंग नाही. म्हणजे ऑइल पाण्यातही जात नव्हतं.

गळतीसाठी त्यांनी इंजिन धुऊन कोरडं केलं आणि सांध्यांवर नातवंडांना लावतो ती पावडर भुरभुरवली. पांढऱ्यावर ओल लगेच दिसते. गळकं ऑइल वाऱ्यानं मागे आणि खाली पसरतं, सगळं इंजिन बरबटलेलं दिसतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधायची, मूळ तिथे असतं. आमचं मूळ वरच्या टॅपेट कव्हरच्या गास्केटला निघालं. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं, सकाळी सहा थेंब. औषधाचे थेंब मोजायची सवय असलेल्या बाईला हिशेब अवघड नाही: वीसेक थेंबांचा एक मिली. एका लिटरला वीस हजार थेंब. मिस्त्री म्हणाले, चालू गाडीत जास्त गळतं काकी, रात्रीवर जाऊ नका. पण तरी पावडर एवढी कमी भिजली होती की गळतीवर सगळं ढकलता येणार नव्हतं. आल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो, त्यालाही इंजिनाचंच ऑइल जातं. तोही पाइप काढून पाहिला, कोरडा.

म्हणजे जळत होतं.

धुराचं मला त्यांनी शिकवलं ते तुम्हालाही सांगते, कारण हे आपल्याला स्वयंपाकघरातून आधीच ठाऊक असतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, जळण चुलीत कोंबल्यासारखं. पांढरा म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, किंवा पाणी आत जातंय. आणि निळसर धूर, कढईत तेल विसरलं की येतो ना तोच, डोळ्याला झोंबणारा. तो ऑइलाचा. सकाळी सुरू करताना एक निळा झोत येऊन थांबला तर रात्रभरात व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल खाली ठिबकलेलं असतं. चढाला, ओझं असताना सतत निळा येत असेल तर बहुधा पिस्टनच्या रिंगा. मुलानं व्हॅन पन्हाळ्याच्या चढाला घातली आणि मी यांच्याबरोबर मागच्या गाडीत वही घेऊन बसले. सकाळचा झोत बारीकसा होता. चढाला मात्र निळा पदर मागे ओढत गेल्यासारखी गाडी चालली होती.

तो धूर बघताना मला एकदम जानेवारीतला विहार आठवला. पहाटेचा गारठा, माताजी अनवाणी चालत होत्या, आणि आमची गाडी पुढे हळूहळू. एका माताजींना खोकल्याची उबळ आली होती. धुकं असेल, असं आम्ही सगळ्याजणी म्हणालो होतो.

मिस्त्रींनी मग एअर फिल्टर काढला. उसाच्या हंगामातली धूळ, वर काळं मेण बसल्यासारखा थर. “हा कधी बदललाय?” मी वही उघडली. तीन वर्षांत नवा घेतलाच नव्हता. मामांनी दोनदा मागितला होता, मी म्हटलं होतं, हवा मारून आणा. मिस्त्रींनी नळी दाखवली. इंजिनाच्या पोटात जो वायू साठतो तो बाहेर न सोडता एका नळीनं, ब्रीदरनं, परत इंजिनाच्या श्वासात सोडलेला असतो. फिल्टर तुंबला की इंजिन हवेसाठी ओढ घेतं, नाक चोंदल्यावर आपण तोंडानं घेतो तसं, आणि ती ओढ ब्रीदरला लागते. मग वायूबरोबर ऑइलही आत खेचलं जातं. नळी आतून ऑइलानं माखलेली होती. टर्बोच्या पुढचा पाइपही काढला, त्यात नुसता ओशटपणा होता, तेवढा चालतो म्हणाले. ऑइल साचलेलं असतं तर टर्बो संशयित.

“आणि ऑइल घालताना किती घालत होता?” त्यांनी मुलाला विचारलं. मुलाला काय माहीत, घालायचे मामा. मिस्त्रींनी सांगितलं ते ऐका. वरच्या खुणेच्या वर ऑइल गेलं की फिरता क्रँक त्यात बुडतो आणि रवीनं ताक घुसळावं तसं ऑइल घुसळतो. फेस होतो, तुषार उडतात आणि ते सगळं त्याच ब्रीदरनं वर जाऊन जळतं. म्हणजे जास्त घालाल तर गाडी जास्त खाईल, आणि जास्त खाते म्हणून तुम्ही पुन्हा जास्त घालाल. डिझेल इंजिनाला याहून मोठा धोका असतो. त्यात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत जळण्यासारखं जे येईल ते जळतं, मग ते डिझेल असो की ऑइल. आत ऑइलाचा लोंढा गेला तर इंजिन स्वतःच्याच ऑइलावर सुसाट पळत सुटतं, किल्ली काढली तरी बंद होत नाही. त्याचा हवेचा रस्ता कोंडावा लागतो. त्यांनी असं एक ट्रॅक्टरचं इंजिन फुटताना पाहिलं होतं. चौका भरून सातजणी बसतो त्या गाडीत आम्ही.

ते चारशे मिली कुठे गेलं ते मला कळायला लागलं होतं. तरी विचारून खात्री करायची होती, आणि विचारायला मामा नव्हते.

राहिलं होतं इंजिनाचं पोट. चारही सिलिंडरचे हीटर प्लग काढून दाब मोजायचं घड्याळ लावलं. २६, २७, २० आणि २६ किलो. तिसरा कमी. पेट्रोल गाडीत म्हणे सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात, दाब वाढला तर रिंगा खराब. डिझेलमध्ये त्यावर जाऊ नये म्हणाले, पिस्टन वर आल्यावर उरणारी जागाच इतकी थोडी की चमचाभर ऑइलानं दाब तसाही वाढतो. म्हणून त्यांनी दुसरं केलं. तिसरा पिस्टन अगदी वर आणून ठेवला, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि मला म्हणाले, “काकी, कान लावा.”

लावला. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली असती तर बाहेर जायचा व्हॉल्व्ह गळका. फिल्टरच्या तोंडाशी आवाज असता तर आत यायचा. रेडिएटरात बुडबुडे आले असते तर हेडचं गास्केट. तिन्हीकडे गप्प. ऑइल घालायच्या झाकणाशी मात्र स्पष्ट ‘स्स्स’. हवा रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये जात होती. ज्या फटीतून हवा खाली जाते तिथूनच ऑइल वर जातं.

मैत्रिणींनो, कुणी काही म्हणो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. आणि लगेच फार वाईट.

“झिजल्यात का चिकटल्यात ते बघू,” मिस्त्री म्हणाले. रिंगा पिस्टनच्या खाचेत मोकळ्या हलायला हव्यात. जुनं ऑइल जास्त दिवस ठेवलं, गाडी पुरती तापू दिली नाही, की खाचेत काजळी भरून रिंगा चिकटतात. मग त्या भिंतीवरचं ऑइल निपटत नाहीत. त्यांनी पुन्हा माझी वही घेतली आणि बोट ठेवलं. २०२० मध्ये टाळेबंदीत गाडी किती महिने उभी. ऑइल बदली आधी दर पाच-सहा हजाराला होती. त्यानंतर एकदा साडेआठ हजार, एकदा नऊ हजार. मी लांबवली होती. ‘गाडी उभीच तर असते’ म्हणून. वहीत त्या वर्षीच्या बचतीखाली मी लाल रेघ मारली होती, मला चांगली आठवते.

आणि विहार. हे मला मुळीच माहीत नव्हतं. संघाबरोबर चालायच्या वेगानं तीन-तीन तास गाडी रांगवली की इंजिनावर भार नसतो, ते पुरतं तापत नाही, डिझेल नीट जळत नाही आणि काजळी साठते. आपल्याला वाटतं हळू चालवली म्हणजे गाडीला सुख दिलं. मिस्त्री म्हणाले, तिला लांब घेऊन जा, चढाला घाला, मग बंद करा. एका जागी गुरगुरत ठेवू नका.

हाफ इंजिन लगेच नको, आधी सोडवून बघू, असं ठरलं. प्लगच्या भोकांतून चारही सिलिंडरमध्ये काजळी सोडवायचं औषध घालून दोन रात्री ठेवलं. हे घरी करू नका. सुरू करायच्या आधी ते पूर्ण बाहेर काढावं लागतं, पातळ पदार्थ दाबला जात नाही, आत राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांनी प्लग न लावताच, भोकांवर फडकी धरून इंजिन फिरवलं, काळं पाणी उडालं सगळीकडे. मग नवं ऑइल, नवे फिल्टर, टॅपेटचं गास्केट, ब्रीदरची नळी. ते ऑइल हजार किलोमीटरला पुन्हा बदललं. घाणीचं ऑइल पाहून मला आमच्या कार्याच्या कढईचा तळ आठवला. दुकानदार जाड ऑइल आणि कसलीशी बाटली गळ्यात मारत होता, मिस्त्रींनी हात जोडले. सगळं मिळून नऊ हजार दोनशे.

हे सगळं होईपर्यंत जून उजाडला होता. मामांकडे मी मे महिन्यातच गेले, गाडी मिस्त्रींकडे होती तेव्हा. बसनं गेले. ते कुणाच्या तरी विटांच्या टेम्पोवर लागले होते, दुपारी जेवायला घरी येत. त्यांची बायको मला बघून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, सोबत स्वच्छ पांढरं फडकं. वीस वर्षांत तिला ठाऊक झालं होतं, मी गाळून घेते.

मामा आले. मी उठून उभी राहिले. दीड हजारांचं पाकीट पुढे केलं आणि म्हटलं, “मामा, माझी चूक झाली. मी न मोजता बोलले. क्षमा करा.”

ते काही बोलले नाहीत. बराच वेळ. मग म्हणाले, “रिंगा व्हत्या ना?”

“तिसऱ्या सिलिंडरच्या.”

“मला वाटलंच हुतं. चढाला वढत न्हवती.”

मग मी तो चारशे मिलीचा प्रश्न विचारला. ऑइल वरच्या खुणेच्या वर घालायचे का? ते खाली बघून म्हणाले, “घालत हुतो. पूर्ण डबा वतायचो. तुमच्याकडं सारखं सारखं पैसं मागाय लाज वाटायची, वहिनी. तुमचं तोंड बदलायचं.”

मला त्यावर उत्तर सुचलं नाही. अजून नाही.

ते लगेच परत आले नाहीत. टेम्पोवाल्याला शब्द दिला होता, तो दिवाळीपर्यंत पाळला. मधल्या काळात मुलगा चालवत होता आणि सकाळची पट्टी मी बघत होते. पहिल्या हजाराला १.१ लिटर, पुढच्याला ०.९, मग ०.८ वर थांबली. मिस्त्रींनी पुन्हा दाब मोजला, तिसरा वीसवरून तेवीस झाला होता. पूर्ण नव्हेच. थोडं झिजलंही आहे, ते औषधानं भरून येत नाही. एवढं तिचं वय मान्य करून आम्ही हाफ इंजिन केलं नाही.

दिवाळीनंतर विहार सुरू झाला तेव्हा मामा आले. आता गाडी संघाबरोबर रांगत नाही. चार-पाच किलोमीटर पुढे जायचं, झाडाखाली बंद करायची, आम्ही उतरून चालत मागे येतो. सातजणींपैकी दोघींचे गुडघे दुखतात, त्या तिथेच बसतात.

वहीत गाडीच्या पानावर एप्रिल २०२३ ला मी एक उलट नोंद केली आहे: ‘ड्रायव्हर पगार कपात रद्द, रु. १,५००’. त्याच पानावर आता रोजच्या पट्टीचा रकाना आहे. माझं अक्षर आणि मामांचं, आलटून पालटून. मामा आकडा लिहीत नाहीत, दोन खुणा काढून मधे रेघ ओढतात, पट्टीचंच चित्र. नोंदणीची पाच वर्षं आता संपत आली आहेत, गाडी ठेवायची की भंगारात द्यायची यावर घरात रोज बोलणं चाललंय. मामांनी काल रेघ वरच्या खुणेच्या जरा खाली ओढली होती आणि बाजूला पहिल्यांदाच अक्षरात लिहिलं होतं: ‘आज घालू नये.’